दोघींची तिघं

४ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंना,

नमस्कार. आपली ओळख नाही. म्हणजे तुम्हाला मी माहीत आहे आणि मला तुम्ही, पण समोरासमोर कधी आलो नाही. पाच वर्षांत वेळ आली नाही, किंवा तुम्ही येऊ दिली नाही. मी मास्तरची आई. तुमचा मुलगा, तुमची सून आणि माझा मुलगा ज्या घरात राहतात, त्या घराची अर्धी सासू. तुमचा पत्ता चष्म्याच्या डबीवर छापलेला होता. चष्मा मास्तरनेच तुमच्या दुकानातून आणून दिला. छान आहे. सुईत दोरा ओवता येतो.

फोन करता आला असता, पण फोनवर मी भांडते. पत्रात निदान वाक्य पुरं होईपर्यंत राग थोडा निवतो.

तुम्ही दुकानाच्या पायरीवरून पडलात आणि डावं मनगट मोडलं, असं कळलं. वाईट वाटलं. शाळा सुटली की मास्तर तुमच्याकडे येतो, काउंटर सांभाळतो, तुम्हाला चहा करून देतो, शटर ओढतो, हेही कळलं. त्याचंही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझी लाँड्री आहे. गेल्या वर्षी माझी पाठ धरली होती, तेव्हा तो शनिवारी आला आणि रविवारी गेला. तुमच्या मनगटासाठी मात्र रोज हजर.

असो. करतोय तर करू दे. मला एकच विचारायचंय. दर रविवारी तुम्ही मुलाला आणि सुनेला जेवायला बोलावता. माझा मुलगा तेव्हा घरी एकटा जेवतो. त्याने कधी तक्रार केली नाही, तुमच्या सुनेच्या तोंडून निसटलं. आता तो तुमचा चहा करतो, तर रविवारी एक ताट जास्त वाढायला काय आडवं येतं?

मास्तरची आई


१२ फेब्रुवारी

मास्तरांच्या आईस,

नमस्कार. पत्र मिळालं. प्लास्टर डाव्या हाताला आहे, म्हणून उत्तर लिहू शकते.

तुमचा मुलगा सज्जन आहे आणि कामाला चोख. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही. गिऱ्हाईक रागावत नाही, दुसरी मागतं. मला इतक्या वर्षांत ते जमलं नाही. त्यांची मी आभारी आहे.

बाकीचं स्पष्ट लिहिते. माझ्या मुलाचं आणि सुनेचं लग्न आठ वर्षांपूर्वी झालं. लोकांसमोर झालं, सह्या झाल्या. पुढे त्यांच्या घरी तुमचा मुलगा राहायला आला. जागा महाग आहेत, लोक भाडेकरू ठेवतात. मी तसं समजते आणि कोणी विचारलं तर तसंच सांगते. माझं दुकान भर बाजारात आहे. शेजारी औषधांचं दुकान, आणि त्या बाईंना समोरच्या गल्लीतलं कुजबुजणंही ऐकू येतं. लाँड्रीत बसून हे तुम्हाला कळायचं नाही. आणि अर्धी सासू हा शब्द मी पहिल्यांदाच वाचला. सासू अर्धी नसते.

तुम्ही मनगट आणि पाठ यांची तुलना केलीत म्हणून मीही एक सांगते. माझा मुलगा विजेची कामं करतो. माझ्या दुकानाच्या पाटीतलं पहिलं अक्षर दोन वर्षं पेटत नाही. विचारलं की "बघतो आई" म्हणतो. गेल्या सुट्टीत त्याने तुमच्या लाँड्रीचं सगळं वायरिंग नवं केलं. सुनेने मला फोटो दाखवला. शिडीवर तो, शिडी धरून मास्तर, आणि खाली ती उभी, तोंड भरून हसतेय. माझ्याकडे आली की ओठ मिटून हसते.

तेव्हा एका ताटावरून मला कोणी शिकवू नये.

आपली,
चष्म्याच्या दुकानाची मालकीण


२० फेब्रुवारी

मालकीणबाई,

लाँड्रीत बसून काय कळत नाही ते सांगा. लोक तुमच्याकडे डोळे दाखवायला येतात, माझ्याकडे बाकी सगळं. जे लपवतात त्यांचेच कपडे मी धुते. कोण खरं वागतंय आणि कोण सारवासारव करतंय, हे मला कॉलरवरून कळतं.

म्हणून सांगते, ही तिघं लपवणाऱ्यातली नव्हेत. पाच वर्षांपूर्वी माझ्या काउंटरपाशी येऊन उभी राहिली, कपडे टाकायला आल्यासारखी. तुमची सून म्हणाली, "काकू, आम्हाला तिघांना एकत्र राहायचंय. कायमचं."

मी विचारलं, "यात कोण कोणाला फसवतंय?"

"कोणी नाही."

"कोणावर जबरदस्ती?"

"नाही."

मग मी तुमच्या मुलाकडे वळले. "अरे, बायको आहे ना तुझी? तुला काहीच वाटत नाही?"

तो म्हणाला, "वाटतं ना. सुरुवातीला फार जळलो. अजूनही कधीकधी जळतो. तेव्हा सांगून टाकतो, मग तिघं बसून बोलतो. पण मास्तर नसला की घर रिकामं वाटतं. ते जळण्यापेक्षा वाईट."

मला लगेच पटलं असं समजू नका. आठवडाभर लोकांच्या शर्टांवर राग काढला, दोन बटणं तुटली. माझ्या मुलाने अशा घरात का जावं जिथे आधीच एक नवरा आहे? एक अख्खी बायको त्याला मिळाली नसती का? पण मग सुट्टीत ती तिघं आली, आणि जेवताना कोणाला काय हवं ते न मागता पुढे सरकत होतं. माझ्या संसारात मीठसुद्धा मागून मिळायचं नाही. तेव्हा मी गप्प बसले.

भाडेकरू म्हणता. भाडेकरू म्हणजे मुदत संपली की बाहेर. तुमच्याकडे लग्नाच्या सह्या आहेत, ती तुम्हाला आई म्हणते. मला काकू. माझ्या मुलाकडे कुठलाच कागद नाही आणि माझ्याकडे नातं सांगायला शब्द नाही. शेजारणीने विचारलं, मुलगा कुठे असतो, तर मी गावाचं नाव सांगते आणि थांबते. तुम्ही मात्र भर बाजारात सासू म्हणून मिरवता. हे डोळ्यात खुपतं. तुमच्याकडे त्यावर काच मिळते का?

मास्तरची आई


२ मार्च

मास्तरांच्या आईस,

तुमचं पत्र काउंटरच्या ड्रॉवरमध्ये होतं. गिऱ्हाईक नसलं की काढून वाचत होते.

माझा मुलगा जळतो, हे त्याने तुम्हाला सांगितलं. मला तो आजवर "बरं आहे" याच्यापलीकडे काही बोललेला नाही. तुम्ही ते वाक्य सहज लिहून गेलात. मी ते तीनदा वाचलं.

मलाही सांगायला आले होते. दोघंच आले. मुलगा म्हणाला, "आई, आमच्या घरात आता अजून एक माणूस..." मी म्हटलं, "चहा घेणार का?" तो म्हणाला, "घेतो." विषय तिथे संपला. मला वाटलं मी जिंकले. आता तुमच्याकडून कळतंय की वाक्याचा उरलेला अर्धा भाग घेऊन ते तुमच्याकडे आले.

एक विचारते, राग मानू नका. तुमच्याकडे असतात तेव्हा ते कसे वागतात? कोण कोणाशेजारी बसतं? ही दोन पुरुषमाणसं एकमेकांशी काय बोलतात? माझा मुलगा हसतो का? हे मी औषधवालीला विचारू शकत नाही, आणि त्यांना तर नाहीच नाही.

मास्तर दोन दिवस दुकानात आले नाहीत. परीक्षा जवळ आल्या असतील. मुलाचाही फोन लागत नाही. कामात असेल.

आपली,
चष्म्याच्या दुकानाची मालकीण


९ मार्च

बाई,

परीक्षा नाहीत. मास्तर माझ्याकडे आहे, हे तुम्हाला माहीत नसेल, पण तो दुकानात का येत नाही हे नक्की माहीत आहे.

त्याने मला सांगितलं नाही. तुमच्या सुनेने फोनवर सांगितलं, रडत. औषधवाली तुमच्या दुकानात आली होती. मास्तर शिडीवर उभा राहून वरच्या फळीवरची खोकी काढत होता. तिने विचारलं, "हे तुमचे कोण? रोज दिसतात." तुम्ही म्हणालात, "सुनेकडे भाड्याने राहतात. तसे बाहेरचेच."

तो उतरला. काढलेली तेवढी खोकी लावली, कप धुतले, शटर ओढलं, तुम्हाला गाडीत बसवून दिलं. मग घरी जाऊन बॅग भरली. भाडेकरू हा शब्द त्याने पाच वर्षं ऐकून घेतला होता. बाहेरचे हा सोसला नाही. त्या दोघांनी दार अडवलं, तर म्हणाला, "मी गेलो की तुम्हाला रविवारी तरी खोटं बोलायला नको."

आणि तुम्ही मला परीक्षांचं लिहिता. ओठात एक, पोटात एक.

आता ऐका. माझा मुलगा माझ्याकडे आहे. शाळेतून रजा घेतलीय. काउंटरवर बसतो, शिट्टी वाजवतो, माझ्या हातचं दोन वेळा मागून खातो. तुम्हाला तुमची जोडी हवी होती ना, लोकांत दाखवता येईल अशी? ती तुमच्याकडेच आहे. सांभाळा. माझंही एक माणूस आता माझ्याकडे आहे.

तुमचा मुलगा माझ्याकडे हसतो का, विचारलंत. पोट धरून हसतो. आता खुशाल जळा.

मास्तरची आई


१८ मार्च

मास्तरांच्या आईस,

तुमचं पत्र फाडणार होते. एका हाताने नीट फाटलं नाही म्हणून राहिलं.

रविवारी ती दोघं जेवायला आली नाहीत. फोन नाही, निरोप नाही. सोमवारी दुकान बंद करून मी त्यांच्या घरी गेले. पाच वर्षांत मी त्या घरात बाहेरच्या खोलीपुढे गेले नव्हते. दार सुनेने उघडलं. जनावरांची डॉक्टर ना ती, दवाखान्यातून नुकतीच आली होती, बाहीला कुत्र्याचे केस चिकटलेले. "या" म्हणाली. पुढे आई म्हणाली नाही.

स्वयंपाकघरात टेबलाला तीन खुर्च्या. दोन साध्या आणि एक उंच पाठीची. ती मास्तरांची असणार, दुकानातही ते पाठीला उशी घेऊन बसतात. माझा मुलगा त्या खुर्चीत बसला होता, नुसता. समोर ताट होतं, वाढलेलं, गार झालेलं. त्याचे वडील गेले तेव्हा तो रडला नव्हता. आता मला बघून त्याने तोंड फिरवलं, आणि पाठ हलायला लागली. मी मागे उभी. हात ठेवावा की नाही, कळेना.

मी सुनेला म्हटलं, "अगं, तुम्ही दोघं नवरा-बायको आहात. तुमचं तर सगळं जागच्या जागी आहे."

ती म्हणाली, "तुमच्या दुकानात कोणी एकच काच मागितली, तर देता का?"

"एका काचेचा चष्मा कोण घालतं?"

"मग आमचंही तसंच. सुटं मिळत नाही. सून हवी असेल तर तिघं घ्यावी लागतील."

मी निघून आले. रस्ताभर मला एकच गोष्ट छळत होती, आणि ती तुम्हालाच लिहिता येते. त्या पोरीसाठी दोन माणसं जीव टाकतात. माझ्या मुलासाठी दोन माणसं. मास्तरांसाठी ही दोन माणसं जेवण सोडून बसलीत. मी सत्तावीस वर्षं संसार केला, चांगला केला, पण मी चार दिवस नाहीशी झाले असते तर ताट तसंच गार होऊन राहिलं असतं का, मला माहीत नाही. मला वाटायचं मला लोकांची लाज वाटते. लाज होतीच. पण तिच्या खाली हे होतं.

मास्तर खरंच बरे आहेत का? खरं लिहा.

आपली,
दुकानवाली


२५ मार्च

मालकीणबाई,

बरा आहे. जेवतो, झोपतो. काळजी नसावी.

मास्तरची आई


१ एप्रिल

मास्तरच्या आई,

एवढं छोटं पत्र तुम्ही आनंदात असतात तर लिहिलं नसतं. चांगली दोन पानं मला टोचून लिहिली असती.

सूनबाईला ते रोज फोन करतात आणि काही बोलत नाहीत, नुसता फोन धरून बसतात. शिट्टी वाजवणारा माणूस असं करत नाही. तुम्ही खोटं लिहिलंत म्हणून मी रागावलेली नाही. मीही तेच लिहिलं असतं. मोठं झालेलं पोर परत घरी येऊन निजलं, तर कोणती आई त्याला उठवून म्हणेल, जा बाबा तुझ्या घरी?

आता माझं ऐका. दर वर्षी आमच्या बाजारातल्या व्यापारी मंडळाचं जेवण असतं. या वर्षी बारा तारखेला आहे. निमंत्रणावर सहकुटुंब असं छापलेलं असतं. दर वर्षी मी मुलाला आणि सुनेला नेते, पहिल्या रांगेत बसवते. या वर्षी तिघांना न्यायचं आहे. पत्रातून माफी मागणं सोपं आहे, ते मी करणार नाही. जे बोलायचं ते मास्तरांसमोर आणि त्या सगळ्यांसमोर बोलेन. जमलं तर जमलं. जीभ लुळी पडली तर तेही त्यांना दिसू दे.

पाठवा असं म्हणत नाही. त्यांना विचारा.

आणि तुम्हाला बोलावत नाही. मुद्दाम बोलावत नाही. वायरिंग तुमच्याकडे झालं, हसणं तुमच्याकडे झालं, पुरतं सांगितलं ते तुम्हालाच. ही एक गोष्ट मला एकटीला करू द्या.

दुकानवाली


७ एप्रिल

ताई,

विचारलं. हातातला कप धुऊन ठेवला. मग म्हणाला, "त्या बोलणार नाहीत, आयत्या वेळी चहा विचारतील." मी म्हटलं, "विचारतील तर चहा पिऊन परत ये, मी आहेच." तेव्हा उठला आणि बॅग काढली. इतक्या पटकन काढली की मला ते बघवलं नाही.

शिट्टी तो वाजवत नव्हता. मीच रेडिओ लावत होते. आलेल्या दिवसापासून तो खिडकीपाशी बसून रस्ता बघायचा. रोज सकाळी मी ठरवायचे, आज म्हणेन, जा. आणि रोज म्हणायचे, आज भाजी काय करू?

त्याचे शर्ट इस्त्री करून दिलेत. निळा घालायला सांगा, तो त्याला शोभतो. हे तुम्हाला दिसलंच असतं, पण आधी मी सांगितलं, हे लक्षात असू द्या.

मला बोलावलं नाहीत ते कळलं. झोंबलं.

मास्तरची आई


१४ एप्रिल

ताई,

आता मीही ताईच म्हणते.

निळाच घातला होता. माझं प्लास्टर निघालंय. दारात मंडळाचे अध्यक्ष उभे होते. त्यांचं कुलपांचं दुकान आहे, आवाज मोठा. म्हणाले, "या, या. मुलगा, सूनबाई... आणि हे पाहुणे?"

मागे औषधवाली, तिच्यामागे चपलांच्या दुकानातले पती-पत्नी. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. माझ्या तोंडात खरंच "चहा" आला होता. देवाशपथ.

मी म्हटलं, "पाहुणे नाहीत. ही माझी सून. हा माझा मुलगा, हिचा नवरा. आणि हे मास्तर. हेही हिचे..." तिथे मी अडकले. घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, तरी अडकले. मग म्हटलं, "हेही घरचेच. ही तिघं मिळून संसार करतात. पाच वर्षं झाली. मी सांगत नव्हते, आज सांगतेय."

अध्यक्षांचा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "हो का," एवढंच म्हणाले. चपलांवाल्यांनी बायकोचा हात धरला आणि दुसऱ्या टोकाच्या टेबलावर जाऊन बसले. कालपासून ते माझ्या दुकानासमोरून जाताना मान वळवतात. त्यांचा चष्मा तयार आहे, न्यायला आलेले नाहीत.

औषधवाली मात्र माझ्याशेजारची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "पाच वर्षं आम्हाला माहीत आहे हो. मांजर डोळे मिटून दूध पितं. तुम्ही त्यांना भाडेकरू म्हणायचात, तेव्हा आम्हालाच मान खाली घालावी लागायची." मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. ज्यांच्यासाठी मी लपवत होते, ते माझ्यावर दया करत होते.

जेवताना मी तिघांकडे बघत होते. मुलाने न विचारता मास्तरांच्या पाठीशी स्वतःचा कोट घडी करून ठेवला. सुनेने दोघांच्या ताटातलं नको ते काढून घेतलं. मध्येच ती कशालातरी हसली, तोंड भरून, तुमच्या फोटोतल्यासारखी. माझ्यासमोर. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. आधी राग आला, की हे इतकी वर्षं तुम्हाला फुकट मिळत होतं. बरं नंतर वाटलं.

परत आल्यावर गाडीतून उतरताना मास्तरांनी माझा हात धरला, मोडलेला, अगदी जपून. "सावकाश," म्हणाले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "उद्या शाळा सुटली की येतो. वरच्या फळीवरची खोकी राहिलीत."

तुमची,
दुकानवाली


१९ एप्रिल

ताई,

पत्र आलं. पण त्याच्या आधी मास्तरचा फोन येऊन गेला होता, म्हणजे मला सगळं माहीत होतं. तुम्ही एकटीने केलंत, पण बातमी मला आधी मिळाली. एवढं तरी मला राहू द्या.

मी इस्त्री करत होते. फोन काउंटरवर ठेवून ऐकत होते. तो आधी जेवणाचं सांगत बसला, मग सजावटीचं, मग कुलपांच्या दुकानवाल्याचं. त्याचा आवाज मोकळा झाला होता. इतके दिवस माझ्याकडे होता तेव्हा तसा एकदाही झाला नव्हता. मला तेही बोचलं. मी विचारलं, "अरे, पण त्या सगळ्यांना सांगितलं कोणी? तुझ्या डॉक्टरबाईने?"

तो म्हणाला, "नाही गं. आईने सांगितलं."

मी म्हणणार होते, मी कुठे होते तिथे? मग माझ्या लक्षात आलं.

त्याच्या लक्षात आलं नाही. तो पुढे बोलतच राहिला. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि स्टुलावर बसले. तो शब्द मी एकटीने मिळवलेला होता ताई. तापात, अंधारात, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे तो मला हाक मारण्यासाठीच होता. आणि आता तो तुमच्याबद्दल बोलताना तसाच, सहज, त्याच्या तोंडून आला.

समोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. मी हाताने थांबा म्हटलं.

मी त्याला टोकलं नाही.

मास्तरची आई